काथ्याच्या दोरात निघाले प्लास्टिक

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या बागेत मिरीचे वेल पोफळींना बांधण्यासाठी आणि परसातल्या पडवळाच्या मांडवासाठी आम्ही पूर्वापार काथ्याचाच दोर वापरत आलो आहोत. पूर्वी नारळाची सोडणे खाडीकाठच्या खड्ड्यांत कित्येक महिने कुजवून, बडवून, त्याचे सुंभ गावातच वळले जाई. आता वळणारे हात कमी झाल्यामुळे दोर विकत घ्यावा लागतो. गेल्या उन्हाळ्यात एका प्रदर्शनात भेटलेल्या विक्रेत्याकडून आम्ही तो घेतला. बागेसाठी काही बंडले ठेवली आणि बाकीची जाऊबाईंच्या बचत गटाला दिली. गटातील बायका त्यापासून कुंड्या टांगण्याची शिंकी विणतात व पर्यटकांना विकतात. बंडलावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’ अशी चिठ्ठी होती, वास काथ्याचा होता आणि हाताला टोचणारे तंतूही काथ्याचेच होते.

पावसाळा सरल्यावर वेलांच्या गाठींवरचा काथ्या विरळ झाला आणि आतून तपकिरी रंगाचे चकचकीत धागे डोकावू लागले. दोर कापून तिन्ही पेड उलगडले, तेव्हा प्रत्येक पेडाच्या गाभ्यात रंगवलेल्या प्लास्टिकच्या धाग्यांची जुडी आणि तिच्यावर काथ्याचे पातळ वेष्टण आढळले. काथ्याचा तंतू फार तर वीत-दीड वीत लांब असतो, जाडीला एकसारखा नसतो आणि ओढला की सुटून हातात येतो. हे धागे मात्र एकाच जाडीचे होते आणि कितीही ओढले तरी त्यांचे टोक सापडत नव्हते. चिमट्यात धरून पेटवले असता काथ्या धुमसत जळाला व त्याची राख बोटाने सहज चुरडली, तर गाभ्यातले धागे आक्रसून वितळले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, येथे पीळ तर गेलाच, वर एक कडक काळी गोळी हाती आली. पाण्यात टाकून पाहण्याचा सल्ला काही जण देतात, परंतु कोरडा काथ्या आणि हे प्लास्टिक दोन्ही तरंगत असल्याने त्यातून काहीच कळत नाही.

विचारणा केल्यावर विक्रेत्याने आधी साफ नकार दिला, मग मजबुतीसाठी थोडे मिश्रण सगळेच करतात असे सांगितले आणि शेवटी पुढच्या खरेदीवर सवलत देऊ केली. मिश्र दोर विकणे हा गुन्हा आहे असे माझे म्हणणे नाही, तो मिश्र म्हणूनच विकावा एवढेच म्हणणे आहे. काथ्या झिजला तर मातीत मिसळून जातो. हे धागे उन्हाने ठिसूळ होऊन त्यांचे बारीक तुकडे वेलाच्या बुंध्याशी पडतात आणि वेचून संपत नाहीत. गटाचे नुकसान याहून मोठे झाले, कारण त्यांनी ती शिंकी नैसर्गिक दोराची म्हणून विकली होती, आणि आता ओळखीच्या गिऱ्हाइकांना पैसे परत करताना ‘आम्हालाही ठाऊक नव्हते’ हे वाक्य त्यांना प्रत्येकाशी नव्याने बोलावे लागते.

बंडलांवर उत्पादकाचे नाव नव्हते, पत्ता नव्हता, लांबीही नव्हती. वेष्टित मालासंबंधीच्या २०११ च्या नियमांनुसार हा तपशील छापणे बंधनकारक आहे. तो नसेल तर पुढे बोट दाखवायलाही कोणी उरत नाही. आमच्याजवळ निदान पावती होती, आणि पावतीवर ‘काथ्या दोर’ असे स्पष्ट लिहून घेतल्याचा आता उपयोग होत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली असून, तडजोड न झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाण्याची तयारी केली आहे. त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. न वापरलेले एक बंडल चिठ्ठीसह तसेच बांधून ठेवले आहे.

दरम्यान अगदी तसाच दोर, चिठ्ठीवर आता ‘इको’ असे छापून, तालुक्याच्या बाजारात आलेला दिसतो. घेण्यापूर्वी दुकानदारासमोरच टोकाकडचा एक पेड पार गाभ्यापर्यंत उलगडून पाहावा. त्याला तो हरकत घेऊ लागला, तर दोर तिथेच ठेवून यावे.