‘गॅस संपला’ म्हणे! अभ्यासिकेच्या चार एसींचा देखभाल करार, नऊ महिन्यांनंतर

नागपूरच्या नंदनवनात माझी अभ्यासिका आहे. पहिला मजला, ६४ खुर्च्या आणि डोक्यावर थेट गच्ची. एमपीएससीवाले, तलाठी भरतीवाले, चार-दोन सीएवाले. सकाळी सहाला शटर वर जातं ते रात्री अकराला खाली येतं. दोन-दोन टनांचे चार स्प्लिट एसी आहेत: दोन जुने, साध्या कॉम्प्रेसरचे, आर-२२ गॅसवाले; दोन इन्व्हर्टर, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारे, आर-३२ वाले. मार्च ते जूनमध्ये यातला एक जरी बसला तरी त्या कोपऱ्यातली पोरं दोन दिवस सहन करतात आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत दिसतात. पोरांचा दोष नाही. महिन्याचे ११०० रुपये ते पुस्तकांसाठी देत नाहीत, थंड हवेसाठी देतात. पुस्तकं तं त्यांचीच असतात.

फेब्रुवारीत मी एका छोट्या वर्कशॉपशी वर्षाचा देखभाल करार केला. मालक स्वतः मेकॅनिक, हाताखाली दोन पोरं. नाव इथे देत नाही, कारण पुढे तक्रारीही लिहिणार आहे आणि माणूस शहरातलाच आहे. दर एसीमागे ३,२०० रुपये, वर्षाला तीन सर्व्हिस, बोलावलं की येणं फुकट. गॅस आणि सुटे भाग वेगळे.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्याचं सांगतो, म्हणजे मी कराराच्या नादी कसा लागलो ते कळेल. चार नंबरच्या एसीत एका मोसमात तीनदा गॅस भरला. एप्रिलमध्ये, मेमध्ये, जूनमध्ये. तिन्ही वेळा वेगळा माणूस, तिन्ही वेळा एकच वाक्य: “गॅस संपला.” अर्ध्या तासात सिलिंडर जोडायचा, थंड हवा आली की हात पुढे करून बघायचं, ३,००० घ्यायचे आणि निघायचं. तिसऱ्या वेळी मी विचारलं की महिन्याभरापूर्वी भरलेला गॅस गेला कुठे? तो म्हणाला, “चलता है तो खतम होताही है.” मी मान डोलावली. कूलरची टाकी संपते तसा गॅसही संपत असावा असंच मला तेव्हा वाटायचं.

करारानंतरच्या पहिल्याच भेटीत या नव्या माणसाला मी तेच सांगितलं: चार नंबरमध्ये गॅस भरावा लागेल. तो हसला. “भाऊ, गॅस काही पेट्रोल आहे का जळाले? बंद पाइपात फिरते तो. कमी झाला म्हणजे बाहेर गेला. कुठून गेला ते आधी पाहू.”

मग जे त्याने केलं ते मी खुर्ची टाकून पाहिलं, कारण तोवर कोणी केलेलंच नव्हतं. आधी करंट मोजायचा क्लॅम्प मीटर वायरला लावला. साडेनऊ अँपिअरच्या आसपास पाहिजे तिथे सहा. बाहेरच्या युनिटला बारकी नळी जिथे जोडली जाते तिथे बर्फाची पांढरी साय. मला वाटायचं बर्फ दिसतोय म्हणजे मशीन जोरात चालतंय. तो म्हणाला, उलटं आहे; गॅस कमी पडला की दाब पडतो आणि नको तिथे बर्फ धरतो. त्यानंतर त्याने इनडोअरच्या मागची काळी टेप सोडायला घेतली. ही टेप बसवल्यापासून कोणी सोडली नव्हती. दोन-तीन वेढे निघाले आणि पितळी नटाभोवती तेलकट काळा डाग दिसला, वर धूळ चिकटलेली, बोट लावलं की माखणारी. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं फिरत असतं, म्हणून जिथून गॅस झिरपतो तिथे तेलाचा डाग सापडतो. भांड्याच्या साबणाचा फेस लावल्यावर नटाच्या कडेला एक बुडबुडा मोठा होत गेला, फुटला, आणि त्याच जागी दुसरा आला. ९,००० रुपये त्या बुडबुड्यातून गेले होते.

उरलेला गॅस काढून घेऊन नळीचं टोक कापलं, ते नटात घट्ट बसावं म्हणून कर्ण्यासारखं पसरवून नवीन फ्लेअर केला, नट बदलला. लगेच गॅस भरला नाही. आधी नायट्रोजन भरून दाबाचा काटा २५० पीएसआयवर नेला आणि चहा मागवला. काटा हलला नाही. मग व्हॅक्यूम पंप लावून ४० मिनिटं आतली हवा आणि ओल ओढून काढली. ओल आत राहिली तर कॅपिलरी नावाच्या बारीक नळीत बर्फ होऊन अडकते आणि तेलही खराब होतं, असं त्याचं म्हणणं. शेवटी सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस सोडला. आधीच्या तिघांपैकी एकाकडेही ना वजनकाटा होता ना पंप. तीन तास लागले, गॅस आणि नट धरून ४,१०० रुपये झाले. आधीच्यांपेक्षा जास्तच. पण आज नोव्हेंबर आहे आणि त्या मशीनला पुन्हा गॅस लागलेला नाही.

तुमच्याकडे आर-२२ चं जुनं मशीन असेल तर एक लक्षात ठेवा: हा गॅस ओझोनच्या थराला मारक म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होतोय. तो फुकट उडवून परत परत भरत बसणं खिशालाही परवडणार नाही. आर-३२ ओझोनला हात लावत नाही, पण तो थोडा ज्वलनशील असतो. माझ्या इन्व्हर्टरला हात घालताना या माणसाने पोऱ्याच्या तोंडातली सिगारेट आधी फेकायला लावली. तेवढ्यावर माझा निम्मा विश्वास बसला.

आता माझी चूक. गेल्या वर्षी उन्हाने आउटडोअर तापतात म्हणून मी गच्चीवर चारही युनिटांना पत्र्याची पेटी करून घेतली होती. वर छत, तिन्ही बाजूंना पत्रा, समोर हिरवी जाळी. वेल्डरला ११,००० दिले आणि दोन महिने आल्यागेल्याला कौतुकाने दाखवली. एप्रिलमध्ये मेकॅनिकने ती पाहिली आणि काही न बोलता आत थर्मामीटर ठेवला. दुपारी तीनला ५४ अंश. (३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं होतं, देशभर बातमी झाली, मग हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. माझ्या पेटीतला आकडा मात्र खरा होता.) आउटडोअरचा पंखा जी गरम हवा समोर फेकतो ती जाळीला आपटून परत मागून आत ओढली जात होती. एसीवर जी टनांची क्षमता लिहिलेली असते ती बाहेर ३५ अंश असताना मोजलेली असते. ५४ मध्ये ते मशीन दोन टनांचं काम करणार तरी कसं? “सावली पाहिजे, पेटी नाही. याले श्वास घ्याले जागा ठेवा,” तो म्हणाला. बाजूचे पत्रे काढले, जाळी काढली, छत अडीच फूट वर घेतलं. त्याच दिवशी एक नंबरचा करंट ११.८ वरून ९.९ वर आला. वेल्डरला पुन्हा २,५०० द्यावे लागले. त्याने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

कूलरचंही असंच. आपल्या नागपूरकराचा कूलरवर जीव. मेच्या कोरड्या उन्हात वाळ्याच्या ताट्या ओल्या केल्या की जी हवा येते तिला तोड नाही, मान्य. म्हणून एसी कमी पडला की मी हॉलच्या दारात कूलर लावून द्यायचो. पोरं खूश. पण कूलर हवेत पाणी सोडतो आणि एसीची बरीच मेहनत ते पाणी परत काढण्यात जाते. एक भरतोय, दुसरा उपसतोय, आणि बिल माझ्या नावावर. कूलर आता खाली पार्किंगमध्ये आहे, चौकीदाराजवळ.

रिमोटचं भांडण सगळ्यांकडे असेलच. १६ केलं म्हणून साधं मशीन लवकर थंड करत नाही. फक्त बंद पडायचं विसरतं. २०२० पासून नवीन एसी चालू केला की २४ वरच सुरू व्हायला हवा असा सरकारी नियम आहे, पण पोरांच्या हातात रिमोट असेपर्यंत नियमाला विचारतो कोण! मेकॅनिकने चारही २५ वर ठेवून छताचे पंखे दोनवर चालवायला सांगितले. पहिल्या दिवशी कुरकुर झाली. मग मी रिमोट कुलुपात ठेवले.

मे महिन्याची युनिटं गेल्या वर्षी ३,८६० होती, यंदा ३,२४०. यातलं सगळं श्रेय त्याला देता येत नाही, कारण मेमध्ये दोन नंबरचं मशीन तीन दिवस बंद होतं आणि काही खुर्च्या रिकाम्या होत्या. ते का, हीच माझी खरी तक्रार.

नवतपाचा, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतला, तिसरा दिवस. संध्याकाळी सातला लाइट तीनदा गेली-आली आणि दोन नंबरचा इन्व्हर्टर मेला. डिस्प्लेवर नुसता एरर कोड. करारात लिहिलंय की फोन केल्यापासून २४ तासांत माणूस येईल. मी सव्वासातला फोन केला. “उद्या सकाळी पक्कं.” दुसऱ्या दिवशी दुपारी फोन बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्वतः आला, डोळे लाल, म्हणाला की शहरातले सगळेच एसी एकाच आठवड्यात पडतात. असेल. मग २४ तासांचं कलम लिहायचंच कशाला? तोवर नऊ पोरं गेली होती. पाच परत आली.

मशीनचा सर्किट बोर्ड जळाला होता. करारात बोर्ड, मोटर, कॉम्प्रेसर वगळलेले आहेत, बारीक अक्षरात. मी वाचलं नव्हतं. नवीन बोर्ड ८,६००. त्याने सुचवलं की जुना दुरुस्त करून आणतो, २,८०० मध्ये. मी हो म्हटलं. तो १२ दिवस चालला. मग नवीनच घ्यावा लागला. खूप बोलाचाली झाल्यावर त्याने २,८०० पैकी १,४०० सोडले. माझ्या मते सगळेच सोडायला हवे होते. ‘दुरुस्त बोर्डाची गॅरंटी नसते’ हे त्याने पैसे घेताना सांगितलं नव्हतं, बोर्ड पुन्हा जळाल्यावर सांगितलं. त्यानंतर दोन्ही इन्व्हर्टरला वेगळे स्टॅबिलायझर लावले. मशीन घेताना दुकानदाराने ‘याला स्टॅबिलायझरची गरज नाही’ म्हटलं होतं. त्याच्या दुकानात नसेल लागत.

जुलैत दुसरं. सर्व्हिस करून पोरं गेली आणि संध्याकाळी तीन नंबरमधून पाणी टपकायला लागलं, थेट एका मुलीच्या राज्यघटनेच्या नोट्सवर. पावसाळ्यात हवा दमट, एसी बादलीभर पाणी काढतो, आणि त्या पोऱ्याने पाण्याचा पाइप परत लावताना खिडकीच्या चौकटीवरून इंचभर वर चढवला होता. पाणी वर चढत नाही, हे शिकायला करार लागत नाही. मालक तासाभरात आला हे खरं, पाइपाला उतार दिला, ट्रेमधला बुळबुळीत गाळही काढला. नोट्स मात्र इस्त्री करून वाळवल्या, माझ्या बायकोने. त्या मुलीचा ऑगस्टचा महिना मी माफ केला.

साध्या सर्व्हिसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. प्रेशर पंपाने धुतात, वाकलेल्या पत्त्या कंगव्याने सरळ करतात, खाली प्लास्टिक अंथरतात. आउटडोअरमधून कबुतराचं घरटं निघालं, ते शेजारच्या टाकीवर नीट ठेवलं. हिवाळ्यात गरम हवेचाही एसी घ्या म्हणून एक विक्रेता मागे लागला होता. त्याला मेकॅनिकनेच परस्पर वाटेला लावलं. नागपूरची थंडी पोरं शालीत काढतात.

मला सगळ्यात आवडली ती त्याची वही. दर भेटीला चारही मशीनचा करंट, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान, तारीख. दोन तापमानांत दहा-अकरा अंशांचा फरक दिसला की तो पुढच्या मशीनकडे जातो. आठ-सातवर आला की थांबतो. सप्टेंबरमध्ये एक नंबरला आठ आला. कॉम्प्रेसरला सुरू व्हायला जोर देणारा कॅपॅसिटर तपासला तर ५० मायक्रोफॅरडचा ३८ वर आलेला. ३८० रुपयांत बदलला. कॉम्प्रेसर बसला असता तर मी इथे वेगळंच काही लिहीत असतो.

एकच एसी असलेल्या सलूनवाल्याने किंवा मेडिकलवाल्याने असा करार घेऊ नये असं मला वाटतं. वर्षाला दोनदा धुऊन घ्या आणि कोणी ‘गॅस संपला’ म्हटलं की टेप सोडायला लावा. ज्यांचं गिऱ्हाईक थंड हवेवर टिकून आहे आणि मशीन तीनपेक्षा जास्त आहेत त्यांनी घ्यावा, पण बारीक अक्षर वाचून. पाचपैकी साडेतीन देतो. गॅस आणि वहीसाठी साडेचार दिले असते, नवतप्याने एक खाल्ला.

जानेवारीअखेर करार संपतोय. तो दर एसीमागे ३,६०० मागतो. मी म्हटलं देईन, पण कागदावर दोन ओळी वाढव: २४ तासांत आला नाहीस तर दिवसाला ३०० रुपये कपात, आणि दुरुस्त केलेल्या बोर्डाला तीन महिन्यांची गॅरंटी. दुसऱ्या ओळीला तो लगेच हो म्हणाला. पहिल्यावर बराच वेळ वही चाळत बसला आणि म्हणाला, “भाऊ, नवतपा सोडून लिहू का?”