फायरस्टोअर: एक दिवाळी वापरून बघितलं, त्याचा रिव्ह्यू

इंदूरला रामबागेत माझी मावशी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, तिच्यासाठी फ्लटरमध्ये (अ‍ॅप बनवायचं गुगलचं साधन) छोटंसं अ‍ॅप बनवलंय, डेटा सगळा गुगलच्या फायरस्टोअरवर, म्हणजे त्यांच्या ऑनलाइन डेटाबेसवर. एक फोन मावशीकडे, एक दादाकडे कारण डिलिव्हरीला तोच फिरतो, आणि घरी लॅपटॉपवर ब्राउझर.

सिंक, म्हणजे सगळीकडे डेटा सारखा ठेवणं, खरंच मस्त आहे. मावशीने ऑर्डर टाकली की दादाच्या फोनवर लगेच दिसते, रिफ्रेशची भानगड नाही. अँड्रॉइडवर ऑफलाइन कॅश (फोनमध्येच ठेवलेली डेटाची प्रत) आधीपासून चालूच असते त्यामुळे आतल्या खोलीत, जिथे तळणीचा सगळा कारभार चालतो आणि रेंज नावालाही नसते, तिथेही अ‍ॅप चालतं.

घोळ झाला स्टॉकमध्ये. मावशी म्हणाली, "अरे, चकली वीस किलो केली, तीन मी दिली, पाच दादाने नेली, मग सतरा कशी उरली रे?" दोन दिवस मी लॉग बघत आणि सर्व्हरला शिव्या घालत बसलो, आणि चूक निघाली माझीच. माझं अ‍ॅप मावशीच्या फोनवरून "स्टॉक १७" आणि दादाच्या फोनवरून "स्टॉक १५" असे तयार आकडे पाठवत होतं, दोघंही तेव्हा ऑफलाइन, दादाचं आधी पोचलं, मग मावशी फोन घेऊन ओट्यावर आली आणि तिचं १७ त्याच्या १५ वर जाऊन बसलं. सर्व्हरवर शेवटी जे पोचतं तेच राहतं, फोनच्या घड्याळाशी त्याला काही देणंघेणं नाही. आता इन्क्रिमेंट (आहे त्या आकड्यात वाढ-घट करायची सोय) वापरून फक्त "३ कमी" एवढंच पाठवतो, १२ म्हणजे १२च येतात. ट्रान्झॅक्शन (सर्व्हरवरचा आकडा वाचून मगच बदल लिहिणं) लावून बघितलं होतं आधी, पण ते ऑफलाइन असताना फेल होतं, म्हणजे आतल्या खोलीत उपयोग शून्य.

दुसरं म्हणजे सेव्ह केल्यावर चकरी फिरतच राहायची. मी राइटवर, म्हणजे डेटा लिहिण्यावर, अवेट (काम होईपर्यंत थांब असं सांगणारा कोडमधला शब्द) लावलं होतं, आणि ते सर्व्हरचा होकार आल्याशिवाय पुढे सरकतच नाही, डेटा मात्र फोनमध्ये कधीच लिहून झालेला असतो! अवेट काढलं, आणि हॅजपेंडिंगराइट्स (सर्व्हरवर जायचं काही बाकी आहे का हे सांगणारी खूण) बघून न पोचलेल्या ऑर्डरीपुढे छोटं घड्याळ दाखवतो. मावशी त्याला "अजून गेलं नाही वालं" म्हणते, इंदुरी मराठी, काय करणार.

फुकटात रोज ५०,००० रीड (डेटा वाचणं) आणि २०,००० राइट मिळतात, एका घरच्या धंद्याला पुरून उरतात. डेटाबेसची जागा, म्हणजे डेटा कुठल्या ठिकाणच्या सर्व्हरवर ठेवायचा ते, मात्र नीट बघून निवडा, मी मुंबई घेतली, नंतर बदलता येत नाही.

पाचपैकी चार. एक कापला तो वेबसाठी, तिथे ऑफलाइन कॅश आपण स्वतः चालू करावी लागते, आणि हे मला कळलं ते धनत्रयोदशीला वायफाय गेल्यावर पेज रिफ्रेश केलं आणि ऑर्डरींची यादी कोरी दिसली तेव्हा.