पद्मिनीचं मागचं बेअरिंग आणि ड्रम ब्रेक: पावसाळाभर वापरल्यानंतर

गॅरेजच्या बिलात बेअरिंग आहे, तेल अडवणारं ऑइल सील आहे, लायनर म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या आहेत, व्हील सिलिंडरची किटं आहेत, ड्रम टर्निंग (ड्रम आतून खरवडून गोल करणं) आहे, 'इतर' या नावाखाली दोनशे रुपयेसुद्धा आहेत. कडं, म्हणजे चाकाच्या शाफ्टवर घट्ट बसणारी धातूची रिंग, तेवढं नाही. प्रीमियर पद्मिनी गाडीच्या मागच्या एक्सलचं काम ज्यांनी एकदा तरी करून घेतलंय, त्यांना मी कशावर वैतागलोय ते एवढ्यावरूनच कळेल.

गाडी १९८४ ची, घरचीच. डाव्या मागच्या चाकातून घूं असा आवाज यायला लागला. चाळीसच्या पुढे वाढायचा. क्लच दाबून गाडी नुसती सोडली तरी तसाच, म्हणजे इंजिनाचा संबंध नाही. क्राउन-पिनियनचा, म्हणजे मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या जोडीचा आवाज अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की बदलतो, हा बदलत नव्हता. पण उजवीकडे वळताना भार डाव्या चाकावर आला की चढायचा. टायर अदलाबदल करून पाहिले, आवाज जागच्या जागी. त्यात ब्रेक मारला की गाडी मागून एका अंगाला जायची आणि चाकाच्या आतल्या बाजूने काळे ओघळ दिसायचे. ब्रेक ऑइलची टाकी जशीच्या तशी भरलेली होती, तेव्हा ते गिअर ऑइलच. बेअरिंग गेलं, त्याच्या खेळाने सील गेलं आणि सीलने लायनरला तेल पाजलं, इतका सरळ हिशोब.

आता कड्याबद्दल. ड्रम काढला, एक्सलच्या तोंडावरच्या प्लेटचे चार नट सोडले की शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर येतो. ती प्लेट बेअरिंगला धरून ठेवते. पण बेअरिंग शाफ्टवर कोण धरून ठेवतं? फक्त ते कडं. ना नट, ना खिळा, ना सर्क्लिप. कडं तापवून शाफ्टवर चढवतात आणि गार होताना ते जे आवळतं, त्या आवळण्यावर अख्खं चाक उभं असतं. कडं सरकलं तर बेअरिंग जागेवर राहतं आणि शाफ्ट, ड्रम, चाक अशी वरात बाहेर निघते. म्हणूनच जुनं कडं काढायचं म्हणजे ड्रिलने भोक पाडायचं, छिन्नी मारून चिरायचं आणि फेकून द्यायचं. एकदा निघालेल्या कड्यात आवळ उरत नाही.

माझा नेम असा की जुने पार्ट पिशवीत भरून घरी आणायचे. पिशवीत बेअरिंग निघालं, सील निघालं, शू (ज्यांवर लायनर बसतात त्या कमानी) निघाले. चिरलेलं कडं काही निघेना. परत गॅरेजवाल्याकडे गेलो.

"कडं चांगलं होतं हो साहेब, तेच बसवलं. उगाच खर्चात कशाला टाकायचं तुम्हाला?"

माझ्या काटकसरीची इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती! शूच्या बाबतीत मी स्वतःच घासाघीस केली होती, त्यामुळे तो मला ओळखून होता म्हणा. पण शंभर-दीडशे रुपयांचं कडं वाचवायला मी सांगितलं नव्हतं. वाद वाढल्यावर त्याने तोडगा काढला: "एवढीच भीती वाटते तर वेल्डिंगचे दोन टाके मारून देतो." हे तर कड्याच्या वरताण. वेल्डिंगच्या आचेने शाफ्टचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं आणि नेमका टाक्याजवळ शाफ्ट तुटू शकतो. ही ऑफर कुणी दिली तर गाडी तिथून ढकलत न्यावी लागली तरी न्या.

शाफ्ट काढून घेतला आणि पुण्यात नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. तिथला दुकानदार आधी वेगळंच रडगाणं गायला लागला: कुर्ल्यात गाडी बनायची बंद होऊन जमाना झाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीही उतरली, आता हा माल ठेवायचा कुणासाठी? टॅक्सीवाले होते तोवर याला गिऱ्हाईक होतं, हे खरंच. बेअरिंगची मात्र काळजी नको. गाडीचं नाव सांगून मागायचं नाही, जुन्या बेअरिंगवर कोरलेला नंबर सांगून बेअरिंगच्याच दुकानात मागायचं. पक्की पावती घ्यायची, कारण नकली माल भरपूर आहे. अडतं ते सील आणि कडं.

कडं शेवटी गल्लीतल्या लेथवाल्या काकांनी करून दिलं. शाफ्ट प्रेसखाली धरल्यावर गॅरेजने बसवलेलं कडं विनातक्रार उतरलं. छिन्नी नाही, ड्रिल नाही. काकांनी काही न बोलता ते माझ्या हातावर ठेवलं. मग मायक्रोमीटरने शाफ्ट मोजून कड्याचं भोक मिलिमीटरच्या काही शतांशाने लहान ठेवलं, कडं तापवून चढवलं आणि गार होईपर्यंत प्रेसने बेअरिंगला टेकवून धरलं. आच फक्त कड्याला. बेअरिंगवर गॅस मारणाऱ्याला काकांच्या दुकानात उभं करत नाहीत.

ब्रेकचं काम त्यामानाने बिनबोभाट झालं. तेल प्यायलेले लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून परत वापरायचा सल्ला मलाही मिळाला होता. दिसतात कोरडे, पण तापले की तेल पुन्हा वर येतं. दोन्ही बाजूंचे एकदम बदलले, नाहीतर गाडी ओढणारच. ड्रममधली जुनी धूळ हवेच्या पाइपने उडवू दिली नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ओल्या फडक्याने पुसायला लावली. व्हील सिलिंडरचे रबर ब्रेक ऑइलमध्येच बुडवून बसवले; ग्रीस लागलं की फुगतात. माझ्या गाडीत सगळ्या चाकांना मिळून ब्रेकची एकच लाइन आहे, एक सिलिंडर गळला की पेडल थेट जमिनीला, त्यामुळे इथे कंजुषी केली नाही. ड्रम टर्निंगला मात्र माझा विरोध होता. चांगलं लोखंड कशाला खरवडायचं?

इथपर्यंतचं पावसाळ्याआधी लिहून ठेवलं होतं. आता दोन गोष्टी बदलतो.

टर्निंगबद्दलचं मत मागे घेतो. ताम्हिणीने खाली माणगावला उतरलो, धुवाधार पावसात. आधी घाटात पेडल पायाखाली धडधडायचं, ते पूर्ण थांबलंय. ड्रम गोल नसेल तर नवे लायनरही व्यर्थ, हे मान्य. खोल चर पडलेला ड्रम किती खरवडायचा याला मर्यादा आहे, पातळ झालेला ड्रम लवकर तापतो आणि तापून फुगला की शूपासून लांब जातो, पेडल खाली जातं. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो म्हणून ती वेळ आली नाही. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर पहिला ब्रेक अजूनही भलत्याच उशिरा लागतो. पाण्यातून बाहेर पडलं की पेडलवर हलका पाय ठेवून शंभरेक मीटर चालवायची, सुकतात. हे ड्रमचं जातिवंत लक्षण आहे, मिस्तरीला दोष देऊ नका.

दुसरं, सील. कुठल्याशा अनोळखी कंपनीचं मिळालं म्हणून नाकं मुरडली होती. अजून एक थेंब नाही. श्रेय सीलपेक्षा काकांचं जास्त. जुन्या सीलचा ओठ घासून शाफ्टवर बारीक चर पडली होती, नखाला लागायची. नवं सील त्याच जागी बसलं असतं तर पहिल्या आठवड्यातच गळलं असतं. त्यांनी ते दीड-दोन मिलिमीटर आत बसवलं, ओठ कोऱ्या जागी आला. गॅरेजमध्ये याकडे कुणी बघितलंही नव्हतं.

आवाज पूर्ण गेला आहे. दर महिन्याला चाक उचलून वर-खाली, आत-बाहेर हलवून पाहतो आणि प्लेटच्या कडेला बोट फिरवतो, कोरडं. उजवं बेअरिंग जुनंच आहे, वाजत नाही तोवर हात लावणार नाही.

गॅरेजवाल्याकडे मजुरी परत मागितली. पैसे देणार नाही म्हणाला, पुढची सर्व्हिसिंग फुकट करून देतो. नको म्हटलं.