एस २३ अल्ट्रा हाती असताना एस २५ अल्ट्रा घ्यावा का?

माझ्याकडचा सॅमसंग गॅलॅक्सी एस २३ अल्ट्रा मी मार्च २०२३ मध्ये घेतला. २५६ जीबी साठवणुकीच्या फोनची भारतातील जाहीर किंमत तेव्हा १,२४,९९९ रुपये होती, आणि एवढी रक्कम फोनवर घालण्यामागे माझ्यापुरते एकच कारण होते, ते म्हणजे फोनच्या पोटात बसणारा एस पेन, पडद्यावर लिहिण्याची सॅमसंगची लेखणी. मी मुद्रितशोधनाचे काम करतो. पुस्तकांची आणि नियतकालिकांची पाने माझ्याकडे पीडीएफ स्वरूपात येतात, आणि प्रवासात असलो तरी सुटलेला काना, चुकलेली वेलांटी किंवा उडालेली ओळ लेखणीने पानावरच दाखवून पाने परत पाठवता येतात. त्यामुळे हा फोन माझ्यासाठी कामाचे अवजार आहे, आणि तो बदलावा की नाही हा प्रश्न मी त्याच दृष्टीने तपासला.

प्रश्न उभा राहण्याचे निमित्त बॅटरीचे झाले. पहिल्या वर्षी रात्री दहापर्यंत टिकणारा फोन २०२५ च्या सुरुवातीला संध्याकाळी पाचलाच चार्जर मागू लागला. लिथियम-आयन बॅटरी चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांबरोबर क्षीण होतेच आणि माझा वापर जड आहे, म्हणून यात तक्रार करण्यासारखे काही नव्हते. योगायोगाने माझ्या भाचीने फेब्रुवारीत नवा गॅलॅक्सी एस २५ अल्ट्रा घेतला आणि मार्चमध्ये दहा दिवस तो मला वापरायला दिला. पुढील मते दोन्ही फोन शेजारी ठेवून केलेल्या या दहा दिवसांच्या कामावर आधारलेली आहेत.

सर्वांत मोठा फरक मला पडद्यात जाणवला, आणि तो आकड्यांत सांगता येण्यासारखा नाही. एस २३ अल्ट्राच्या पडद्याच्या दोन्ही कडा किंचित खाली वळलेल्या आहेत. चित्रपट पाहणाऱ्याला त्याने काही फरक पडणार नाही; परंतु मुद्रितशोधनाच्या खुणा पानाच्या समासात करायच्या असतात, आणि समास नेमका त्या वळणावर येतो. तिथे लेखणीचे टोक घसरते, ऱ्हस्व-दीर्घाची खूण वेडीवाकडी उमटते आणि ती पुसून पुन्हा काढावी लागते. एस २४ अल्ट्रापासून सॅमसंगने पडदा सपाट केला, आणि एस २५ अल्ट्रामध्ये तो ६.८ इंचांवरून ६.९ इंचांचा झाला. भाचीच्या फोनवर एका दिवाळी अंकाची जुनी पाने उघडून मी मुद्दाम समासात बारीक अक्षरांत लिहून पाहिले. लेखणी काचेच्या अगदी काठापर्यंत कुठेही न अडखळता चालली.

दुसरी सुधारणा काचेची आहे. एस २४ अल्ट्रामध्ये आलेल्या गोरिला आर्मर काचेवर प्रकाशाचे परावर्तन साध्या काचेच्या तुलनेत ७५ टक्क्यांपर्यंत कमी होते असे कॉर्निंग ही निर्माती कंपनी सांगते, आणि एस २५ अल्ट्रामध्ये त्याच काचेची दुसरी आवृत्ती आहे. एसटीच्या खिडकीशी बसून दुपारच्या उन्हात पाने वाचताना माझ्या फोनवर मला स्वतःचा चेहरा आणि बाहेरची झाडे दिसतात, नव्या फोनवर अक्षरे दिसतात. त्यातच पडद्याचा कमाल उजळपणा १,७५० निट्सवरून (निट हे उजळपणाचे एकक) २,६०० निट्सपर्यंत गेला आहे. मात्र अशा काचेवर सवयीप्रमाणे शंभर-दीडशे रुपयांची साधी टेम्पर्ड ग्लास बसवली, तर परावर्तन पुन्हा त्या वरच्या काचेवरून होऊ लागते आणि ज्यासाठी पैसे मोजले तो गुण झाकला जातो. नव्या फोनवर पहिल्याच दिवशी दुकानदाराकडून स्क्रीन गार्ड लावून घेणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

लेखणीच्या बाबतीत मात्र नवा फोन मागे आला आहे, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. लिहिण्यासाठी एस पेनला बॅटरी लागत नाही, त्यामुळे लिहिण्याचा दर्जा दोन्हीकडे सारखाच आहे. पण एस २४ अल्ट्रापर्यंत या लेखणीत ब्लूटूथ होते आणि तिचे बटण दाबून दूर ठेवलेल्या फोनचा कॅमेरा चालवता येत असे. एस २५ अल्ट्राच्या लेखणीतून ते काढून टाकले आहे. माझ्यासाठी ही सोय चैनीची नव्हती. जुनी हस्तलिखिते आणि दुर्मीळ अंक यांची पाने टिपताना मी फोन तिपाईवर कॅमेरा खाली पानाकडे राहील असा बसवतो, एका हाताने पान सपाट धरतो आणि दुसऱ्या हातातल्या लेखणीने फोटो काढतो. फोनला स्पर्श होत नसल्याने अक्षर हलत नाही. नव्या फोनवर हेच करायला गेलो तेव्हा भाची म्हणाली, “मामा, माझ्या पेनाने फोटो निघतच नाही, टायमर लावावा लागतो.” टायमर लावून दोनशे पाने टिपणे हे वेगळेच काम होऊन बसते. वेगळा ब्लूटूथ रिमोट स्वस्तात मिळतो हे खरे. तरीही जी गोष्ट फोनच्या पोटातच होती, ती जास्त किमतीच्या फोनसाठी बाहेरून विकत घ्यावी लागावी, हे योग्य नाही.

कॅमेऱ्याची तुलना आम्ही भिगवणला केली. उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर, कुंभारगावच्या बाजूने, सकाळच्या नावेतून रोहित पक्ष्यांचे फोटो दोन्ही फोनवर एकाच वेळी काढले. माझ्या फोनमध्ये दूरच्या फोटोसाठी दोन भिंगे आहेत, एक ३ पट आणि एक १० पट, दोन्ही १० मेगापिक्सेलची. एस २४ अल्ट्रापासून १० पटीचे भिंग गेले आणि त्याच्या जागी ५० मेगापिक्सेलचे ५ पटीचे भिंग आले. ३ पटीचे राहिले. कागदावर दहाचे पाच झालेले पाहून मला ही पीछेहाटच वाटली होती. प्रत्यक्षात उजाडताना, प्रकाश कमी असताना, नवे भिंग सरस ठरले, कारण त्याचे छिद्र मोठे आहे आणि संवेदकही मोठा आहे. जुन्या फोनच्या १० पट फोटोत त्या वेळी पिसांचा लगदा झाला होता. पाच-सहा पटीच्या अंतरावर तर तुलनाच नव्हती. जुना फोन ३ पटीचे चित्रच ताणून मोठे करतो, आणि नावेतून पक्षी बहुतेक वेळा नेमके त्याच अंतरावर असतात. ऊन चढल्यावर मात्र चित्र बदलले: १० पटीला दोन्ही फोन जवळपास सारखे आले, आणि त्यापुढे ताणत नेल्यावर पंखांच्या कडेची काळी पिसे जुन्या फोनने अधिक सुटी दाखवली. म्हणजे फार दूरच्या वस्तूसाठी भर उन्हात जुना, आणि इतर बहुतेक वेळी नवा, असा माझा निष्कर्ष आहे. विस्तृत कोनाचा कॅमेरा १२ वरून ५० मेगापिक्सेलवर गेला आहे आणि अगदी जवळून काढलेले फोटो त्यामुळे अधिक रेखीव येतात.

वेगाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. माझ्या फोनमधला स्नॅपड्रॅगन ८ जेन २ आणि नव्या फोनमधला स्नॅपड्रॅगन ८ एलीट या प्रोसेसरांत मोठे अंतर आहे, आणि जड खेळ खेळणाऱ्याला किंवा फोनवरच व्हिडिओ संकलन करणाऱ्याला ते कळेल. पाचशे पानांची पीडीएफ दोन्हीवर तितक्याच तत्परतेने उघडली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयींचा जाहिरातींत बराच गाजावाजा असतो, परंतु गॅलॅक्सी एआय या सॅमसंगच्या अशा सोयींच्या संचाच्या पहिल्या टप्प्यातील बहुतेक सोयी २०२४ मध्येच अद्यतनाद्वारे एस २३ मालिकेला मिळाल्या, आणि मराठीत बोलू शकणारे गूगलचे जेमिनी लाइव्ह माझ्या फोनवरही चालते. बॅटरी दोन्हींत ५,००० एमएएचची आणि चार्जिंग दोन्हींत ४५ वॅटचे, म्हणजे दोन वर्षांत तिथे काही हललेले नाही. वजन २३४ ग्रॅमवरून २१८ ग्रॅमवर आले आहे. तासभर हातात धरून वाचले की हे सोळा ग्रॅम मनगटाला कळतात.

आता पैशांचा विचार. एस २५ अल्ट्राची भारतातील आरंभीची किंमत २०२५ मध्ये १,२९,९९९ रुपये होती. माझा फोन परत घेऊन एका दुकानाने ४१,००० रुपये देऊ केले, म्हणजे मला जवळजवळ ८९,००० रुपये घालावे लागले असते. त्या भावात फोन दिला असता तर सव्वादोन वर्षांच्या वापराला मी ८४,००० रुपये मोजले असे झाले असते, म्हणजे वर्षाला ३७,००० रुपयांहून अधिक. एस २३ मालिकेला कंपनीने चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि पाच वर्षांची सुरक्षा-अद्यतने कबूल केली आहेत, म्हणजे २०२८ च्या सुरुवातीपर्यंत माझा फोन सुरक्षित राहील. तोवर तो वापरला आणि शेवटी त्याचे काहीही मिळाले नाही असे धरले, तरी खर्च वर्षाला २५,००० रुपयांच्या आसपास पडतो. फोनवर बँकेची ॲप आहेत, यूपीआय आहे आणि लेखकांनी विश्वासाने दिलेली अप्रकाशित हस्तलिखिते आहेत. म्हणून सुरक्षा-अद्यतने संपल्यावर हा फोन एक दिवसही कामासाठी वापरायचा नाही, हे मी ठरवले आहे.

एस २४ पासून सॅमसंगने हे आश्वासन सात आवृत्त्या आणि सात वर्षे असे वाढवले. एस २५ अल्ट्रा पूर्ण सात वर्षे वापरला तर वर्षाला सुमारे १८,६०० रुपये पडतात, आणि हे गणित जुन्या फोनपेक्षा निश्चितच चांगले आहे. परंतु ही सात वर्षे फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण तो घेतल्यापासून नव्हे. उतरलेल्या किमतीत मागच्या वर्षीचा फोन घेणाऱ्याने एक वर्ष आधीच वजा धरावे.

आणि तरीही, पेनाने काम करणाऱ्याला आज खरोखरच फोन बदलायचा असेल, तर मी त्याला एस २४ अल्ट्राच सुचवेन. सपाट पडदा, परावर्तन कमी करणारी काच आणि ५ पटीचे भिंग या तिन्ही गोष्टी त्यात आहेत, लेखणीत ब्लूटूथही आहे, आश्वासन २०३१ च्या सुरुवातीपर्यंतचे आहे, आणि २०२५ मध्ये तो त्याच्या आरंभीच्या १,२९,९९९ रुपयांपेक्षा कितीतरी कमी किमतीत मिळत होता. एस २५ अल्ट्राचे त्याहून अधिक देणे म्हणजे हलके वजन, नवा प्रोसेसर आणि चांगला विस्तृत कॅमेरा. हे ज्यांच्या कामाचे असेल त्यांनी तो अवश्य घ्यावा. एस २२ अल्ट्रा वापरणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांची सुरक्षा-अद्यतने २०२७ च्या सुरुवातीला थांबतील, तेव्हा त्यांनी बॅटरीवर खर्च करण्याआधी हे उरलेले महिने मोजावेत.

मी स्वतः मे महिन्यात अधिकृत सेवा केंद्रात जाऊन बॅटरी बदलून घेतली. खर्च नव्या फोनच्या किमतीच्या पाच टक्क्यांहूनही कमी आला. कोपऱ्यावरच्या दुकानात तो आणखी कमी झाला असता, पण फोनची पाठ उघडली की पाणी रोखणारे सील तुटते आणि ते मूळ मापाच्या चिकटपट्टीने पुन्हा नीट बसले नाही तर आयपी ६८ या धूळ-पाणी रोखण्याच्या दर्जाला अर्थ उरत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर मला तो धोका नको होता. फोन देण्याआधी सर्व माहितीची प्रत काढून ठेवली होती. समासाच्या घसरणीवरही उपाय सापडला: पान थोडे लहान करून दोन्ही बाजूंना बोटभर रिकामी जागा सोडली की खुणा वळणाच्या आत येतात, अक्षर मात्र थोडे बारीक दिसते. या जुलैत दिवाळी अंकांची पहिली पाने येऊ लागली आहेत, आणि दिवसभर खुणा करूनही संध्याकाळी सातला बॅटरी चाळीस टक्क्यांच्या वर असते.