अडीच हजारांत किती शांतता मिळते?

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '42 डेसिबल', आणि त्याला चिकटून बारीक अक्षरांत 'पर्यंत'. नॉइज कॅन्सलेशनवाले स्वस्त इअरबड्स घेताना होणारी बहुतेक फसगत या 'पर्यंत'मध्ये असते. आकडा खोटा नसतो. बड्स कृत्रिम कानात चपखल बसवून मोजताना ज्या फ्रीक्वेन्सीला, म्हणजे सुराच्या ज्या उंचीला, बाहेरचा आवाज सगळ्यांत जास्त पडला, तेवढाच छापतात. बाकीच्या फ्रीक्वेन्सींना किती पडला, ते खोक्यावर नसतं.

उदाहरण म्हणून नथिंग कंपनीचे सीएमएफ बड्स घेऊ. मार्च 2024 मध्ये ते 2,499 रुपयांना आले आणि खोक्यावर आकडा 42. त्याच्या वर्षभर आधी आलेले वनप्लसचे नॉर्ड बड्स 2 होते 2,999 रुपयांना आणि आकडा 25. पुढे सप्टेंबर 2024 मध्ये नॉर्ड बड्स 3 आले, 2,299 रुपयांना, आकडा 32. या लाँचच्या वेळच्या किमती आहेत, सेलमध्ये खाली येतात. तिन्हींत स्पीकर 12.4 मिलिमीटरचाच. कागदावर 25 डेसिबल म्हणजे ध्वनिदाब सुमारे 18 पट कमी आणि 42 म्हणजे सव्वाशे पट. कानाचा हिशोब मात्र वेगळा आहे. 10 डेसिबल पडले की कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो. आणि बडच्या टोकाचं रबर कानात नीट बसलं नाही तर 42 वाला बड 25 वाल्यापुढेही फिका पडू शकतो.

रबराकडे वळण्याआधी एक खुलासा, कारण चूक सगळ्यांत जास्त इथे होते. हजार-बाराशेच्या बड्सच्या खोक्यावर बहुतेकदा 'ईएनसी' लिहिलेलं असतं. एएनसी, म्हणजे कानात येणारा गोंगाट दाबणारं ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन, वेगळं आणि ईएनसी वेगळं. ईएनसी फक्त तुमच्या माइकचा आवाज साफ करतं. फायदा फोनच्या पलीकडच्या माणसाला, तुमच्या कानाला काहीच नाही. 'फोर माइक ईएनसी, क्लिअर कॉलिंग' वाचून लोक बड्स घेतात आणि गाडीची घरघर कमी का होत नाही म्हणून बड खराब ठरवतात. खोक्यावर 'ॲक्टिव्ह' हा शब्द आणि सोबत डेसिबलचा आकडा नसेल, तर ते नॉइज कॅन्सलेशन नाही असंच धरून चाला.

आता रबराकडे. बड उलटा करून नळीकडे बघा. टोकाला बारीक जाळी, तिच्यामागे स्पीकर, आणि बाहेरचा-आतला दोन्ही आवाज मोजणारा हायब्रिड एएनसीचा बड असेल तर आत एक छोटा माइकही. दुसरा माइक बाहेरच्या अंगाला. बाहेरचा माइक गोंगाट आधी ऐकतो, चिप त्याची उलटी लहर तयार करते आणि स्पीकर ती सोडतो. आतला माइक काय उरलं ते ऐकून दुरुस्ती करतो. बाहेरच्या माइकपासून स्पीकरपर्यंत अंतर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, म्हणजे चिपच्या हातात जेमतेम 30 ते 60 मायक्रोसेकंद. त्यात 30 मायक्रोसेकंदांचा उशीर झाला तर 100 हर्ट्झच्या घरघरीत तो लहरीच्या 360 अंशांच्या चक्रातला जेमतेम 1 अंश भरतो. 4,000 हर्ट्झच्या शिट्टीत तोच उशीर 43 अंश होतो आणि उलटी लहर जवळजवळ निकामी ठरते. म्हणून एएनसी चालतं ते खालच्या सुरांवर, ढोबळमानाने 1,000 हर्ट्झपर्यंत. त्याच्यावरचं सगळं अडवतं ते सिलिकॉनचं रबर.

थोडक्यात, एसटीच्या इंजिनाचं घुमणं, विमानातली घरघर, एसीचा आणि पंख्याचा आवाज हे बड्स छान दाबतात. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, मिक्सरची किंचाळी, पलीकडच्या टेबलावरच्या गप्पा हे त्यांचं काम नव्हे. लोकलमध्ये रुळांचा खालचा गडगडाट पडतो आणि 'पुढील स्टेशन' आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येतं. हा दोष नाही, यंत्र असंच चालतं. ढोल-ताशाच्या मिरवणुकीत तर यावर विसंबूच नका. ठोका अचानक येतो, माइक एवढ्या जोराला पुरा पडत नाही, आणि छातीत बसणारा दणका कुठलाच बड थांबवणार नाही. तिथे फोमचे साधे इअरप्लग बरे.

रबर बसलंय का ते कसं ओळखायचं? खोक्यात लहान, मधलं आणि मोठं अशा तीन जोड्या येतात, मधली आधीच लावलेली असते. बहुतेक लोक बाकीच्या दोन पिशवीतून काढतही नाहीत. बड कानात घालताना दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, बड आत ढकलून किंचित फिरवा, मग कान सोडा. आता एएनसी बंद ठेवून तोंड मिटून 'ऊंऽऽ' म्हणा. आवाज डोक्यात घुमला, मडक्यात बोलल्यासारखा वाटला, तर कान बंद झालाय. नेहमीसारखाच वाटला तर कुठेतरी फट आहे. फट राहिली की सगळ्यांत आधी बेस जातो, आणि एएनसीचं कामही नेमकं त्याच पट्ट्यातलं. 'याला बेसच नाही' आणि 'याचं एएनसी काहीच करत नाही' या दोन तक्रारी बहुतेकदा एकत्र येतात आणि त्यांचं कारण एकच असतं. उजव्या-डाव्या कानाची भोकं सारखी असतातच असं नाही. एका कानात मधलं, दुसऱ्यात मोठं रबर लावणं अगदी रास्त आहे. तिन्ही मापं बसत नसतील तर बाजारात मेमरी फोमच्या टिप सुट्या मिळतात. मात्र घेताना नळीची जाडी जुळते का आणि टिप लावून चार्जिंगच्या डबीचं झाकण पूर्ण बंद होतं का, हे बघा. झाकण अर्धवट राहिलं तर बड चार्ज होत नाही.

एएनसी तपासायला गाणं लावू नका. छताचा पंखा पूर्ण वेगात सोडून खाली उभे राहा आणि एएनसी पाच-सहा वेळा चालू-बंद करा. मोटरची गुणगुण एकदम गळून पडली पाहिजे. पात्यांच्या वाऱ्याचा 'सूं' आवाज उरेल, तो उरणारच. मग टेबलफॅनचा झोत थेट कानावर घ्या. आता खडखड ऐकू आली तर ती हवा बाहेरच्या माइकवर आपटल्याची. लोकलच्या दारात किंवा स्कूटरवर मागे बसल्यावर हेच होतं. ज्या बड्समध्ये वाऱ्याचा वेगळा मोड आहे, ते अशा वेळी बाहेरच्या माइकचं काम कमी करतात. खडखड जाते, सोबत थोडी शांतताही जाते. शेवटी रात्री सामसूम असताना फक्त एएनसी चालू करा. बारीक 'श्श्श' ऐकू येईल. स्वस्त माइकची ती स्वतःची कुजबुज. गाणं लागलं की ऐकू येईनाशी होते, पण झोपताना शांततेसाठी बड्स घालणार असाल तर ती आधी ऐकून ठरवा.

आवाजाच्या बाबतीत सीएमएफ बड्स मूळ सेटिंगमध्ये बेसकडे झुकलेले आहेत. ढोलकी-संबळ भरदार येते, पण नाट्यसंगीत किंवा पॉडकास्ट ऐकणाऱ्याला आवाजावर गोधडी पांघरल्यासारखं वाटेल. नथिंग एक्स ॲपमध्ये 'अल्ट्रा बास' बंद करा आणि इक्वलायझरमध्ये बेस एक-दोन पायऱ्या खाली घ्या, बोल वर येतात. कोडेक, म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची पद्धत, एसबीसी आणि एएसी. जास्त तपशील पाठवणारा एलडॅक नाही. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका. एलडॅक 990 केबीपीएसपर्यंत जातो खरा, पण गर्दीच्या डब्यात शेकडो फोन त्याच 2.4 गिगाहर्ट्झवर बोलत असतात, तिथे तो तुटतो किंवा खालच्या वेगावर येतो, आणि बॅटरीही जास्त खातो. ज्यांना हवाच असेल त्यांच्यासाठी थोरला भाऊ बड्स प्रो 2 आहे, लाँचच्या वेळी 4,299 रुपयांचा. बड्सच्या डबीवरची गोल चकती नुसती फिरते, तिने काहीच होत नाही. बोटाला चाळा म्हणून ठीक. प्रो 2 ची चकती मात्र आवाज कमी-जास्त करते.

व्हिडिओमध्ये ओठ आणि आवाज जुळतात का हे यूट्यूबवर तपासण्यात अर्थ नाही. ॲप बड्सचा उशीर ओळखून चित्र तेवढं मागे ठेवतं. खरा उशीर बघायचा तर फोनच्या कीबोर्डचा टकटक आवाज चालू करा आणि टाइप करा, किंवा एखादा गोळीबाराचा गेम लावा. बोट आणि आवाज यांत ठसठशीत अंतर पडेल. लो-लॅग मोडने ते कमी होतं, संपत नाही.

फोनवर बोलणं हा या सगळ्याच किमतीतला लंगडा पाय आहे. माइक तोंडापासून दूर, कानाजवळ. त्याच्या वाट्याला तुमचा आवाज आणि रस्त्याचा गोंगाट जवळजवळ सारखाच येतो. मग सॉफ्टवेअर कातरी चालवतं आणि शब्दांची टोकं कापली जातात, 'पाठवतो'चं 'पाठव' होतं. तपासायचं तर स्वयंपाकघरात मिक्सर चालू करून घरातल्याच दुसऱ्या फोनला कॉल लावा आणि तिकडे ऐकणाऱ्याला विचारा. आपल्याला ऐकू येतं त्यावरून काहीच कळत नाही.

लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की गाण्याचा आवाज अचानक जुन्या टेलिफोनसारखा होतो, हीही हमखास तक्रार. बड बिघडलेला नसतो. ब्लूटूथवर माइक उघडला की जोडणी स्टिरिओ सोडून हँड्सफ्रीवर जाते, एकच चॅनेल आणि 8 किंवा 16 किलोहर्ट्झचं सॅम्पलिंग. उपाय सोपा आहे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा माइक निवडा, स्पीकर म्हणून बड्स ठेवा. ऐकू चांगलं येतं आणि शांत खोलीत समोरच्यालाही तुम्ही बरे ऐकू येता.

बॅटरी: सीएमएफ बड्सचा कंपनीचा आकडा एएनसी बंद असताना 8 तास, चालू असताना 5.6 तास. डबी धरून 35.5 आणि 24. म्हणजे शांततेसाठी सुमारे 30 टक्के बॅटरी जाते. नॉर्ड बड्स 2 मध्ये 7 चे 5 होतात, गणित तेच. हे आकडे मध्यम आवाजाचे असतात, पूर्ण आवाजात कमी भरतात. बडमधला सेल इवलासा, 50 एमएएचच्या आसपास. तीनशे-पाचशे चार्जनंतर तो हमखास मंदावतो आणि बदलता येत नाही. रोज वापरणाऱ्याने दोन वर्षांचा हिशोब धरावा. एक फायदा मात्र पदरात पाडून घ्या. घरघर पडली की गाण्याचा आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास आहे. गोंगाटावर मात करायला आवाज 90 वर नेला तर तेच तास 4 होतात.

दोन बिघाड घरीच निघतात. पहिला, एक बाजू हळूहळू मंद होणं. ते बहुधा जाळीवर बसलेल्या कानातल्या मळाने होतं. रबर काढा, जाळी जमिनीकडे करा म्हणजे मळ आत न जाता खाली पडेल, आणि कोरड्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने झाडा. पिन किंवा सुई घालू नका, जाळी फाटली की संपलं. मळ आतल्या माइकपर्यंत गेला तर एएनसीही बिनसतं, कधी कधी शिट्टी वाजते. रबर साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवूनच परत लावा. दुसरा, एक बड चार्जच न होणं. घामातलं मीठ बडच्या आणि डबीच्या धातूच्या टोकांवर बसतं. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओलसर लावून दोन्हीकडची टोकं पुसा, दहा मिनिटं सुकू द्या. तरी एकच बड जोडला जात असेल तर फोनमधून नाव 'फर्गेट' करा, माहितीपत्रकाप्रमाणे रीसेट मारा, दोन्ही बड डबीत असताना पुन्हा जोडा. सीएमएफ बड्सवरचं आयपी54 म्हणजे घाम आणि शिंतोडे चालतील, नळाखाली धरणं नाही. जिममधून आल्यावर ओले बड्स तसेच डबीत ठेवायची सवय सगळ्यांत महागात पडते.

खरेदी करताना खोक्यावर 'आर-'ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक शोधा आणि बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून कंपनीचं नाव जुळतं का पाहा. फूटपाथवरच्या हुबेहूब डब्या इथे पकडल्या जाऊ शकतात. ऑनलाइन घेत असाल तर ऑर्डर देण्याआधी परतीची अट वाचा. कानात घालायची वस्तू म्हणून अनेकदा पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदलून मिळते, तेही मोजक्या दिवसांत. म्हणून रबर, पंखा, मिक्सर आणि लॅपटॉप या चारही चाचण्या पहिल्या दोन दिवसांतच उरका.

प्रवास, ऑफिसचा एसी आणि गाणी एवढंच काम असेल तर सीएमएफ बड्स घ्यावेत. नॉर्ड बड्स 3 लाँचच्या किमतीत दोनशे रुपयांनी स्वस्त होते. 32 चा आकडा बघून त्यांना नाकारू नका. ज्याचं रबर तुमच्या कानात बसतं तो घ्या. आणि दिवसाचे सहा तास फोनवर ग्राहकांशी बोलण्यात जात असतील तर यातलं काहीच घेऊ नका. त्याच पैशांत तोंडासमोर दांडीवर माइक येणारा वायरचा हेडसेट येतो, आणि पैसेही उरतात.