पिंगळ्याच्या फोटोसाठी पी९५० की जुनी डीएसएलआर?

मैत्रिणीचा मुलगा विचारत होता, पुण्यातल्या बागेत पिंगळ्याचे, म्हणजे त्या छोट्या घुबडाचे, फोटो काढायचेत तर निकॉन पी९५० (लांब झूमचा, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा) घेऊ का सेकंडहँड डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि ७०-३०० मिमी लेन्स.

लांबचं टिपायला पी९५० खूपच पुढे, २००० मिमीपर्यंत झूम जातो, त्यामुळे जेमतेम २१ सेंमीचा पिंगळा वडाच्या ढोलीतून डोकावत असला तरी लांबूनच फ्रेम भरते आणि त्यालाही त्रास नाही. ७०-३०० लेन्स क्रॉप सेन्सरवर (फोटो टिपणारी चिप, फुल फ्रेमपेक्षा लहान) ४५० मिमीइतकीच पोचते.

पण उजेड गेला की सगळं उलटं होतं. पिंगळा खरा हलायला लागतो तो अंधारताना, आणि पी९५० चा सेन्सर एवढुसा, पूर्ण झूमला एफ ६.५ म्हणजे लेन्समधून उजेड कमीच येतो, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) वाढवला की पिसांवरचे सुंदर ठिपकेच पुसले जातात, जीव हळहळतो अगदी. तिथे डीएसएलआर बरी. वजन दोन्हींचं किलोच्या आसपास. जुनी घेताना लेन्सला बुरशी नाही ना ते बघून घे.

फ्लॅश आणि मोबाइलवर आवाज लावून बोलावणं, दोन्ही नकोच रे बाळा.

दिवसा ढोलीत बसलेला पिंगळा हवा असेल तर पी९५०, संध्याकाळी जवळच्या फांदीवरचा हवा असेल आणि पुढे लेन्स बदलायची असेल तर डीएसएलआर.