माझ्या सहभागींच्या तोंडी भलत्याच कुणाची वाक्यं

माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक मॅडमनी विचारलेला प्रश्न साधा होता. "ही नवव्या मुलाखतीतली बाई हे बोलली तेव्हा तिचा आवाज कसा होता? चिडलेली होती की थकलेली?"

वाक्य होतं, 'सेवा करता करता मी स्वतःलाच कुठेतरी विसरून आले.' प्रबंधातल्या विश्लेषणाच्या प्रकरणातलं सगळ्यात देखणं वाक्य. मला आवाज आठवेना. मुलाखत मीच घेतली होती, दीड तास त्या बाईंसमोर बसले होते, तरी आठवेना. घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा ऐकलं. ते वाक्य त्यात नव्हतंच.

घरातल्या दीर्घ आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणाऱ्यांचे अनुभव, हा माझा पीएच.डी.चा विषय. 22 मुलाखती झाल्या, रेकॉर्डिंग 27 तासांच्या आसपास भरलं. आणि शेवटची मुलाखत होईपर्यंत त्यातली एकही मी कागदावर उतरवली नव्हती. पहिला खड्डा माझा मीच खणलेला. तासाभराचं बोलणं शब्दशः उतरवायला सरावलेल्या माणसालाही चार तास लागतात, नवख्याला सहा-सात सहज. म्हणजे माझ्यापुढे दीडशे तासांचं काम साचलेलं. खरं तर मुलाखत झाली की आठवड्याच्या आत ती उतरवायची असते. वेळ वाचतो म्हणून नव्हे. आपण कुठे घाईने पुढचा प्रश्न टाकला, कुठे समोरचा सांगायला लागला होता आणि आपण त्याला तोडलं, हे उतरवतानाच कळतं, आणि पुढची मुलाखत सुधारते. माझ्या बावीसही मुलाखतींत मी तीच चूक केली आहे. आता ऐकताना लाज वाटते.

अशा वेळी 'संशोधन साहाय्य' करणारी मंडळी बरोबर सापडतात. फोनवरचा माणूस गोड बोलणारा. त्याचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, आम्ही प्रबंध लिहून देत नाही हं, ते अनैतिक आहे. आम्ही फक्त तांत्रिक मदत करतो." मी तिथेच निर्धास्त झाले. मग दोन पानांचा नमुना फुकट करून दिला, आणि तो खरंच उत्तम होता. थांबणं, खोकणं, अर्धवट सोडलेले शब्द, सगळं टिपलेलं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच, पण हातात आवळा असताना कोहळा दिसत नाही.

आधी फक्त उतरवून घ्यायचं ठरलं होतं. आठवड्याने तो म्हणाला, मजकूर सॉफ्टवेअरमध्ये आहेच, तर कोडिंगही, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना अर्थाची नावं देणंही, करून टाकू का? मग थीम, म्हणजे त्या कोडांतून निघणारी मोठी सूत्रं, 'सुचवून' देतो म्हणाला. मग प्रकरणाचा 'कच्चा मसुदा'. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला लागून होती, त्यामुळे आपण किती खाली उतरलो ते कळलंच नाही. पैसे मात्र प्रत्येक पायरीला आगाऊ.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. मुलाखती दुसऱ्याकडून उतरवून घेणं हे मुळात पाप नाही. नैतिकता समितीला दिलेल्या अर्जात तसं लिहिलेलं असेल, सहभागींना सांगितलेलं असेल, उतरवणाऱ्याकडून गोपनीयतेचा लेखी करार घेतलेला असेल, तर अनेक विद्यापीठांत ते चालतं. माझ्या संमतीपत्रात लिहिलं होतं की रेकॉर्डिंग मी आणि माझ्या मार्गदर्शक, दोघीच ऐकू. तरी मी 22 माणसांचं खाजगी बोलणं एका अनोळखी माणसाला एका लिंकवर पाठवून दिलं. मला फसवलं हे खरं, पण त्याआधी मी त्या बावीसजणांना फसवलं होतं.

तीन आठवड्यांत सगळं आलं. 61 कोड, 5 थीम, रंगीत आकृत्या, शब्दांचा एक ढगही. तेव्हाच शंका यायला हवी होती, आणि तुम्हाला ती यावी म्हणून काय काय दिसत होतं ते सांगते. सगळे सहभागी एकाच भाषेत बोलत होते. शिकलेली, न शिकलेली, तरुण, म्हातारी, सगळ्यांची वाक्यं पूर्ण, कर्ता-कर्म-क्रियापद जागच्या जागी. खरी माणसं अशी बोलत नाहीत. ती वाक्य सुरू करतात, सोडतात, 'म्हणजे ते आपलं हे' म्हणतात आणि तिसरंच सांगतात. दुसरं, पाचही थीम माझ्या साहित्य-आढाव्यातल्या उपशीर्षकांशी जुळत होत्या. मला तेव्हा आनंद झाला होता! आपले निष्कर्ष आधीच्या संशोधनाशी तंतोतंत जुळतात याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की कुणी मुलाखती वाचलेल्याच नाहीत.

तिसरी खूण आकड्यांची. '68 टक्के सहभागींना अपराधी वाटते' असं एक वाक्य होतं. 22 माणसांचे 68 टक्के! इतक्या थोड्या माणसांची कसली टक्केवारी. शिवाय कोडिंगच्या विश्वासार्हतेसाठी कोहेनचा कप्पा दिला होता, अगदी 0.84. कप्पा म्हणजे दोन स्वतंत्र कोडर किती जुळतात त्याचं माप. दुसरा कोडर होता कोण? आणि मी पद्धत लिहिली होती ब्रॉन आणि क्लार्क या संशोधकांची. त्यांनी 2006 मध्ये मांडलेल्या, थीम शोधण्याच्या सहा टप्प्यांपुढे जाऊन नंतर ज्याला चिंतनशील थीमॅटिक विश्लेषण म्हटलं, त्यात संशोधकाची दृष्टी हा दोष मानतच नाहीत, म्हणून असा जुळवणीचा आकडा तिथे गैरलागू ठरतो. ही पद्धत आणि हा आकडा एका प्रकरणात शेजारी दिसले की जाणत्या परीक्षकाला पाणी कुठे मुरतंय ते लगेच कळतं. मला कळलं नाही, कारण पद्धतीचं प्रकरण मीही इकडून तिकडून जमवूनच लिहिलं होतं.

आणखी एक. 'बाराव्या मुलाखतीत संपृक्तता आढळली', म्हणजे त्यानंतर नवं काही निघेनासं झालं, असंही लिहिलेलं होतं. हा बाराचा आकडा 2006 मधल्या गेस्ट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून सगळीकडे पसरला आहे. त्यांच्याकडे 60 मुलाखती होत्या आणि पहिल्या बारांतच बहुतेक कोड येऊन गेले होते. पण तो त्यांच्या सामग्रीतून निघालेला आकडा होता. माझ्या सामग्रीत तो कुठून आला, याची एक ओळही नव्हती.

मॅडमच्या प्रश्नानंतर मी प्रत्येक अवतरण रेकॉर्डिंगशी ताडून पाहिलं. 64 पैकी 19 कुठेच नव्हती. 11 भलत्याच माणसाच्या नावावर होती. सॉफ्टवेअरची मूळ प्रोजेक्ट फाईल मागितली, तर तिचे वेगळे पैसे पडतील म्हणाले. मिळाले होते ते फक्त स्क्रीनशॉट. एनव्हिवो असो, ॲटलास.टीआय असो की मॅक्सक्यूडीए, कुठला कोड मजकुराच्या कुठल्या ओळीला लावला हे प्रोजेक्ट फाईलमध्येच दिसतं, आणि फाईल नाही म्हणजे बहुधा कोडिंगच झालेलं नाही. पैसे परत मागितल्यावर तोच गोड आवाज म्हणाला, "तुमच्या विद्यापीठाला कळवू का मॅडम, प्रकरण कुणी लिहिलं ते?"

दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी मीच मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. या मंडळींचा धंदा आपल्या गप्प बसण्यावर चालतो. आपणच तोंड उघडलं की धमकीत काही उरत नाही. आणि एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, हे नंतर दुसऱ्या एका भरडलेल्या विद्यार्थ्याकडून कळलं. मॅडम ओरडल्या नाहीत. बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या, ते जास्त लागलं. नैतिकता समितीला लेखी कळवलं, सगळ्या सहभागींना फोन करून सांगितलं. एका काकांनी मुलाखत मागे घेतली. "तुमच्यावर विश्वास ठेवून बोललो होतो," एवढंच म्हणाले. ते प्रकरण आम्ही रद्द केलं.

मग 21 मुलाखती मी स्वतः उतरवल्या, रोज दोन तास, त्याहून जास्त नाही, कारण तिसऱ्या तासाला कान आपल्याला हवं ते ऐकायला लागतात. पहिल्या तीन मुलाखती कागदावर छापून पेन्सिलीने कोड केल्या. कोडची नावं 'ताण', 'आधार' अशी न ठेवता 'रात्री श्वास मोजत राहणं', 'पाहुण्यांसमोर हसणं' अशी ठेवली, तेव्हा कुठे काहीतरी दिसायला लागलं. 'ताण' लिहून टाकलं की विचार तिथेच संपतो. रोज काम बंद करताना तारीख घालून दहा ओळींचा मेमो: आज काय बदललं, का बदललं, कशाने अस्वस्थ झाले. व्हायवामध्ये, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, परीक्षकांनी जवळजवळ सगळे प्रश्न या मेमोंतूनच विचारले. आठ महिने जादा गेले. पैसे परत आले नाहीत. रेकॉर्डिंग त्यांनी पुसली की नाही, हे मला कधीच कळणार नाही.

नवव्या बाईंच्या मुलाखतीत ते देखणं वाक्य जिथे घातलं होतं, तिथे खरं काय आहे तेही सांगते. मी विचारते, "स्वतःसाठी वेळ मिळतो का?" आतल्या खोलीतून हाक येते. त्या उठतात, खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. मग 80 सेकंद काहीच नाही. परत येऊन त्या विचारतात, "काय म्हणत होता तुम्ही?" आणि मी, मूर्खासारखी, पुढच्या प्रश्नाकडे जाते.

नव्या प्रकरणाची सुरुवात मी या 80 सेकंदांपासून केली.